शेजारणीच्या अंगणातला मेपल

कोबे, जपान
एप्रिल १९३४

झुबेदा, तुला सलाम आणि अम्मांना आदाब.

मी बरा आहे. पायाची सूज उतरेना म्हणून जहाजावर घेत नाहीत. तोवर आपल्याकडच्या, इथे व्यापार करणाऱ्या एका शेटच्या बंगल्यात बागकाम करतो. जेवण पोटभर मिळतं.

शेजारच्या म्हातारीच्या अंगणात जपानी मेपल आहे. तिच्या मुलाने लावलेला, असं शेट सांगतात. मुलगा लढाईवर गेला तो परतलाच नाही, आणि झाडही खाऱ्या वाऱ्याने करपत चाललेलं. शेट म्हणाले, "दुसऱ्याच्या झाडापायी कशाला खपतोस?" तरी मी सुक्या काटक्या छाटल्या, बुंध्याशी कुजलेला पाला घातला, वाऱ्याच्या बाजूला चटई बांधली, पाणी बेताने दिलं. थंडी सरली आणि परवा तांबूस पालवी फुटली. म्हातारी कितीतरी वेळ पानांवरून बोटं फिरवत राहिली.

मग मला चहा देऊन तिने खुणेने विचारलं, मुलं किती? मी दोन बोटं वर केली. आपला रफिक गेल्याचं तू कळवूनही महिने झाले, पण एक बोट काही मिटवता आलं नाही.

मुनिराचा खोकला थांबला का? आणि तू जेवतेस ना? खरं काय ते लिही.

तुझा थकलेला,
नुरुद्दीन