सावकाश निवणारं सोनं

आई, आज लॅबमध्ये तुझी फार आठवण आली, आणि ती काही गोड आठवण नव्हती. गलोंड्याच्या रस्त्याला, तुझ्या जुन्या सुताच्या कंपनीच्या अलीकडेच आमची कंपनी आहे. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, बाई गं, दिवसभर करतेस तरी काय? तर ऐक. सोन्याचे कण असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्या अंगावर डीएनएचे आखूड धागे चिकटवायचे. ज्या धाग्याची जोडी ज्याच्याशी ठरलेली, तो त्यालाच जाऊन धरतो. घाई केली तर नुसता गोळा होतो. पण तापवून अगदी सावकाश निवू दिलं, की तेच कण आपणहून रांगेत बसतात आणि बारा पैलूंचा स्फटिक तयार होतो. बाहेरून काही कळत नाही. आकार मात्र धाग्यात आधीच लिहिलेला असतो. मला याचं केवढं कौतुक होतं! हल्ली भीती वाटते.

धागा म्हटलं की तूच आठवतेस. किलवणी रस्त्यावरची आपली खोली, स्टोव्हवर भात शिजतोय, आणि तू कंपनीतून आणलेल्या तुकड्यांवर मला तुटलेलं सूत जोडायला शिकवतेस. मी ओढाताण करते, गाठ सुटते. "घाई नको करू व," म्हणत तू टपली मारतेस. तुझी गाठ बोटाला लागायचीसुद्धा नाही. मग हळूहळू तीच गाठ तुला जमेना. हात आपोआप उडायचा. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, बाई पिऊन येते. तू, जिने दारूच्या दुकानाकडे कधी मान वळवून पाहिलं नाही! आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या दिवशी तू रडली नाहीस. भांडी घासता घासता एवढंच म्हणालीस, "माझ्या बापाचंही असंच सुरू झालेलं." तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. आता लागतो, कारण मी त्याच डीएनएच्या धाग्यांवर पोट भरते.

आज सोन्याच्या कणांचं लाल द्रावण नळीत सोडताना पिपेटचं टोक काचेवर वाजलं. अगदी थोडंसं. शेजारची मुलगी म्हणाली, एसी फार थंड केलाय. मीही हो म्हटलं. संध्याकाळी घरी आले तर लेक चहा घेऊन बसलेली. तिला दिवस गेलेत, आई. डॉक्टरीणबाईंनी विचारलंय म्हणाली, घरात कुणाला काही आजार होता का. "आजीला नेमकं काय झालं होतं गं?"

मी म्हटलं, काही नाही, कामाने थकली होती. मग माझ्या हातातला कप हळूच काढून घेऊन तिने खाली ठेवला.

हे मी मोबाईलवर टाइप करतेय. आधी कागदावर लिहायला घेतलं होतं. पण वाकडंतिकडं उडालेलं अक्षर बघितलं आणि कागद फाडून टाकला, लेकीच्या हाती लागू नये म्हणून.