गमछ्याखालचा भाव

भाद्रपद वद्य एकादशी, शके १८५७

आठ! एका बोकडाचे आठ रुपये म्हणे! रागानं लिहिते आहे, अक्षर कसंही येवो.

वर्षभर पोटच्या पोरासारखे वाढवले नऊच्या नऊ. जमनापारी जात, घोड्यासारखं उंच नाक, कान लोंबून गुडघ्याला लागायला आलेले. लहानपणीच खच्ची करून घेतले म्हणून अंग कसं भरलं! रोज भिजवलेले चणे, बोरीचा पाला, वर मिठाचा खडा. दसऱ्याला आमच्या लश्कर शहरातल्या साऱ्या मराठ्यांच्या घरी बोकड लागतो. असे बोकड दुसऱ्या कुणाकडे असतील तर दाखवा म्हणावं.

आज बुंदू व्यापारी आला. मी बांबूच्या चिकेच्या पडद्याआड उभी. त्यानं एकेकाच्या कमरेवर हात दाबून पाहिला, शेपटीच्या बुडाशी चिमटा घेतला. माझा लंबू तर त्याला शिंगच मारायला निघाला — शाबास! मग बुंदूनं खांद्यावरचा गमछा काढून स्वतःच्या नि माझ्या पोराच्या, संभाजीच्या, हातावर टाकला. आत बोटं. एक बोट दाबलं तर एक, सबंध पंजा धरला तर पाच. तोंडानं चकार शब्द नाही. बाजाराची रीतच ती — शेजारच्यालाही भाव कळू नये. पण मला तर कळावा! माल माझा!

बुंदू गेल्यावर संभाजी म्हणाला, "आठ देतो, आईसाहेब." मी म्हटलं, "नाही म्हणून कळव त्याला." तो म्हणाला, "आपलं ठरलंय ना? दहाच्या वर गेले तर पुढल्या सालीही बकऱ्या पाळा. नाही गेले तर बंद."

हो, ठरलंय खरं. मीच मोठ्या तोऱ्यात कबूल झाले होते.

भाद्रपद वद्य द्वादशी

आज बाळ हसली! संभाजीची छकुली, दीड महिन्याची. विजया, माझी सून, म्हणते पोटात वारा धरला की हसल्यासारखं दिसतं. म्हणो बापडी. माझ्याकडे बघून हसली, मला काय दिसत नाही?

भाद्रपद वद्य चतुर्दशी

मोरारच्या बाजारातला एक दलाल संभाजी घेऊन आला. लठ्ठ, घाम पुसत आलेला. पुन्हा गमछा, पुन्हा बोटं. त्या माणसाचा चेहरा बघून मी ओळखायला बघत होते — भुवया वर गेल्या, मान हलली, एकदा तर हसलासुद्धा. संभाजी आत आला, म्हणतो, "साडेसात."

साडेसात! बुंदूहून कमी! हे सगळे आतून एक आहेत. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं आणखी दाबायचं. आमच्यासारख्यांनी वर्षभर चणे भिजवायचे, लेंड्या काढायच्या, थंडीत त्यांच्यावर गोणपाट पांघरायचं, आणि ह्यांनी दोन बोटं दाबून न्यायचं!

संभाजीला म्हटलं, "तू घासाघीस केलीस की नुसता हात देऊन बसलास?" तर चिडला. "मी कचेरीतला माणूस, आईसाहेब, मला खाटकांशी बोटं खेळायला येत नाहीत." ते खरंच आहे. नरम आहे पोरगा पहिल्यापासून. ह्याचे वडील पागेत शिलेदार, घोड्याचा सौदा करायला बसले की समोरचा पाणी मागायचा. त्यांनीच मला अक्षरं शिकवली, स्वारीवरून पत्र लिहिलं तर दुसऱ्याकडून वाचवून घ्यायला नको म्हणून. पत्रं तीनच आली. तिन्हीत घोड्याची खुशाली!

कुठे होते? हां, संभाजी. दाना ओलीतल्या जुन्या घरातून इथे जयेंद्रगंजात आल्यापासून त्याला बकऱ्या टोचतात. शेजारी वकील, समोर डॉक्टर. आणि मी माघात पाला आणताना पडले तेव्हापासून तर रोज एकच — "आता पुरे करा." गुडघा माझा, दुखतो मला. ह्याला काय?

आश्विन शुद्ध प्रतिपदा

घट बसले. भाव तिथेच. दसऱ्यानंतर हेच बोकड पाचालाही कुणी विचारणार नाही, आणि बुंदूला ते माझ्याहून जास्त माहीत आहे.

आश्विन शुद्ध तृतीया

संभाजी कचेरीत गेला आणि मी बुंदूला बोलावणं धाडलं. होऊन जाऊ दे! चिकेआडून बोलले. बोलणं सगळं हिंदीत, आमच्या घरातली धेडगुजरी हिंदी.

"बुंदू मियाँ, इतना कम भाव देते शरम नहीं आती?"

त्यानं चमकून चिकेकडे बघितलं. मग म्हणतो, "कम? माँसाहेब, लश्कर में कोई इससे ऊपर दे दे तो मूँछ मुँडवा दूँ."

उर्मटपणा बघा! मी म्हटलं, "मूँछ पर हाथ मत फेर, मेरे सामने आकडा बोल." तर कानांवर हात ठेवले त्यानं. "तौबा! भाव ज़बान से नहीं बोलते. बरकत जाती है. भैया को हाथ में दे दिया है, वाजिब दिया है."

"मुझे दे हाथ में!"

म्हटलं आणि जीभ चावली. विजया दाराआड तोंडात पदर कोंबून हसायला लागली. विधवा बाई, मराठ्याची, परक्या पुरुषाच्या हातात हात देणार गमछ्याखाली! बुंदूही बिचारा लाल झाला असेल, मी बघितलं नाही.

पण म्हणून काय माझ्याच बोकडांचा भाव मला कधी कळायचाच नाही? आमच्या आईला कळला नाही, सासूला कळला नाही. बायांनी चारायचं आणि पुरुषांनी घरात येऊन आकडा सांगायचा. खरा की खोटा, बघायला कोण गेलंय?

मग एकदम सुचलं. विचारलं, "तेरी अम्मा है?"

"है, माँसाहेब."

"उनको सौदा आता है?"

तो हसला. "हमें किसने सिखाया?"

"तो उनको भेज."

आश्विन शुद्ध चतुर्थी

संभाजी जेवला नाही नीट. "बाजारात हसतील लोक. खाटकाची म्हातारी आपल्या घरी येऊन सौदा करणार!" मी म्हटलं, "बाजारात हसू दे, घरात मी हसते." भात तसाच टाकून उठला. इतकं रागवण्यासारखं काय आहे ह्यात? समजत नाही.

आश्विन शुद्ध षष्ठी

आली! घोड्याच्या एक्क्यातून उतरली, बुरख्यात, हातात काठी. माझ्याहून थोरली असेल. आत आल्यावर बुरखा वर केला — तोंडाचं बोळकं, डोळे मात्र ससाण्याचे. आधी बाळ बघितली, मग बोकड. बाळाच्या हातात एक आणा ठेवला. बोकडांच्या अंगावरून हात फिरवताना डोळे मिटून घेतले, जसं आपण कणीक तिंबली का बघतो. लंबूनं तिला शिंग मारलं नाही! उलट तिच्या पदराला तोंड लावलं. फितूर मेला.

मग दोघी पाटावर बसलो. तिनं तिची ओढणी आमच्या हातांवर टाकली. साठी उलटली माझी, आणि पहिल्यांदा त्या कापडाखाली माझा हात गेला. तिची बोटं कोरडी, खरखरीत, पकड लोहाराची. दाबलंन — पंजा. पुन्हा पंजा. मग दोन बोटं.

बारा!

पोरानं आठावर अडवलं होतं आणि मी एका बैठकीत बारावर आणलं, तेही तोंड न उघडता! चेहरा ढिम्म ठेवला हो, शिलेदाराची बायको आहे. तिच्या हातात पंजा दाबला तीनदा. पंधरा. तिनं बोटं झटकली, जशी मिरची लागली. पुन्हा बारा. मी चौदा. ती म्हणाली, "बहन, लालची हो." मी म्हटलं, "आप भी तो." दोघी हसलो. शेवटी पंजा, पंजा, तीन बोटं. तेरा! तिनं माझा हात सोडला नाही लगेच. म्हणाली, दसऱ्याला पुन्हा येईन, तुमची नात बघायला.

संध्याकाळी संभाजीला सांगितलं. "तेरा?" म्हणाला. बराच वेळ उपरण्याची घडी घालत बसला. मग म्हणाला, "छान झालं." चेहरा मात्र सुतकातला. हरला ना पैज!

आश्विन शुद्ध सप्तमी

बोकड गेले. लंबूनं वळून बघितलं नाही. बरंच झालं. गोठा झाडायचा राहिलाय. झाडवत नाही.

आश्विन शुद्ध दशमी

अम्मा आली बोलल्याप्रमाणे. बाळाला मांडीवर घेऊन बसली, आणि सहज म्हणाली, "बारह तो बुंदू पहले ही दिन भैया के हाथ में दे गया था, बहन. एक रुपए के लिए इतने दिन चना खिलाया?"

मी म्हटलं, "हौस."

रात्री संभाजी सोनं द्यायला आला, पायांवर वाकला. आठाचं नि साडेसाताचं मी काही विचारलं नाही. पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं — पुढल्या साली वीस पिल्लं घ्यायची, सौदा मी करणार.

तो "बरं" म्हणाला. वर बघितलं नाही.