आतल्या खोलीतलं उत्तर

१२ फेब्रुवारी

ती. आईस,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मी बरी आहे. दवाखान्याच्या शिवणखात्यात चादरींचा ढीग कायम असतो, पण आता हाताखाली दोघी आल्यात.

आनंदाची बातमी आधी सांगते. धाकट्याचे उपचार संपेपर्यंत त्याची लेक चिमणी माझ्याकडे राहणार. बालन्यायालयानं काल तसा हुकूम दिला. अर्ज धाकट्यानंच केला होता. चिमणीनं आल्या आल्या माझ्या कपाटातले दोन कप्पे रिकामे केले, मला विचारलंसुद्धा नाही. घर कसं भरल्यासारखं वाटतंय.

न्यायालय तेच, आई. मी चौदा वर्षांची असताना तू मला घेऊन गेली होतीस ते. "मुलगी ऐकत नाही, जरा दम भरा," एवढंच तुला सांगायचं होतं. त्यांनी मला बालगृहातच ठेवून घेतलं. तीन महिन्यांनी तू मला परत मागायला आलीस, तर नाही म्हणाले. त्यावर आपण कधी बोललोच नाही. तू विषय काढलास की मी काहीतरी काम काढून उठायचे.

काल न्यायाधीशबाईंनी चिमणीला एकटीला आतल्या खोलीत नेलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय बोललीस गं?"

"ते आमच्यातलं आहे, आत्या."

मी हसले, पण घरी येईपर्यंत तुला हे पत्र लिहायचं ठरवून टाकलं. कारण तू मला परत मागायला आलीस तेव्हा मलाही असंच आत नेलं होतं. "आईबरोबर जातेस?" असं विचारलं.

मी नाही म्हणाले.

कुणी पढवलं नव्हतं. बालगृहात मला स्वतःची खाट होती, शिवणाचं मशीन होतं, आणि तुझा राग आला होता. तू बाहेर माझा स्वेटर मांडीवर घेऊन बसलेली दारातून दिसत होतीस. तरीही नाही म्हणाले. आठवड्याभरात घरी यावंसं वाटायला लागलं, पण सांगायची लाज वाटली. त्यातच दोन वर्षं गेली.

तू आजही सगळ्यांना सांगतेस, कायद्यानं माझी पोर माझ्यापासून तोडली, आणि तिला तिथं मीच नेलं होतं म्हणून स्वतःला बोल लावतेस. तसं नव्हतं गं.

रविवारी धाकट्याला भेटून आम्ही दोघी तुझ्याकडे मुक्कामाला येतोय. रागावलीस तरी चालेल.

तुझी, आपणहून लांब राहिलेली,
थोरली