नाटकातला सरदार

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दहावीनंतर इंग्रजी साहित्य घेणार म्हटलं, तर बाबांचं एकच पालुपद: गोष्टी वाचायला शाळा कशाला? कॉमर्स घे, आपल्या शिलाईच्या दुकानात उपयोगी पडेल. तू त्यांची थोरली बहीण, तूच समजाव. त्यात बाईंनी इंग्रजीच्या नाटकातल्या सरदाराचं स्वभावचित्र लिहायला सांगितलंय, तेही पालकसभेत वाचायचंय. हा सरदार मुलीचं काही ऐकूनच घेत नाही. यापलीकडे मला काही सुचत नाही. लोभ असू दे, उत्तर लवकर असू दे.

तुझी भाची

१० फेब्रुवारी

चि. टकळीस,
अ. आ.

तुझ्या बाबाला समजावणं आमच्या वडिलांनाही जमलं नाही, मी कोण? सरदाराचं मात्र सोपं आहे. पुस्तक मीट आणि तो आपल्याच घरात राहतो असं समज. कसा बसतो, कशावरून चिडतो, सगळं आपोआप सुचेल. पण माझं नाव कुठे घेऊ नकोस. जीव लावून अभ्यास कर.

तुझी आत्या

२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घोळ झाला! तुझं ऐकून लिहीत गेले आणि सरदार पार आपल्या घरचा झाला. मुलीने काही विचारलं की तोंडात टाचण्या धरून शिलाई मशीनवर बसतो, म्हणजे बोलायला नको. वाद हरायला लागला की चहा गार झाल्याची तक्रार करतो. इंग्रजीत वाचायचं म्हणून मी निर्धास्त होते, तर बाई ओळीओळीचा अर्थ सांगत सुटल्या! बाबा पहिल्याच बाकावर, गळ्यात टेप तशीच.

बाबा ताडकन उठले आणि म्हणाले, असला कसला हा बाप, पोरीचं धड ऐकूनही घेत नाही! त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही गं. घरी येऊन म्हणाले, घे तुझं साहित्य. मी अजून हवेत आहे. अशीच माझ्या बाजूने राहा.

तुझी टकळी

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरगी खूश आहे. मला काही कळलं नाही असं समजते, समजू दे. सरदाराच्या घरात शिलाई मशीन कुठून येणार? निम्मे पालक माझं गिऱ्हाईक. त्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या आत मीच उठून त्या सरदाराला फैलावर घेतलं. बोलून खाली बसलो आणि ते शब्द मलाच लागले. सल्ला तुझाच असणार, त्यावर सवडीने भांडेन.

एक मात्र खरं सांग. मी घरात असाच वागतो का गं? तिला विचारायची हिंमत होत नाही. उत्तर काहीही असलं तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा