साथीत वाचलेलं शास्त्र

१६ मार्च १९५८, रविवार

उपासना झाली. हे फार छान बोलले म्हणे.

गावात देवी आल्या आहेत. शिमग्याला मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याला ताप होता, मग अंगभर फोड उठले, परवा तो गेला. आता कोळीवाड्यात आणखी घरांत अंथरुणं पडली आहेत. आणि आज हे एक्क्याण्णवावं स्तोत्र घेऊन उभे राहिले. डावी-उजवीकडे हजारो पडतील, पण मरी तुझ्या घराजवळ येणार नाही! मूठ आपटून सांगितलं. पुढच्या बाकावरची माणसं रडली. घरी आल्यावर याच मुठी कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत धुतल्या, कोट बाहेर दोरीवर टाकला. कोळीवाड्यात प्रार्थनेला बोलावलं तर घरी नाहीत म्हणून सांग, म्हणाले. पाळकाची बायको म्हणून मी अजून काय काय सांगायचं आहे कोण जाणे.

प्रार्थनामंदिराच्या दगडी गडग्यावर गोदूबाई कोळणीने पुन्हा बोंबील वाळत घातलेत. प्रार्थनेच्या वेळी वारा आला की तो वास थेट आत. पाच वर्षं सांगतेय. परवा मलाच म्हणाली, ‘तुज्या देवाचं बारा चेले मासंच मारीत व्हते ना गो? तूच पोरांना शिकीवतीस. मंग तुला वास कंचा येतो?’

जीभ नाही ती, कोयता आहे.

१८ मार्च

अलिबागहून देवी टोचायला देवीडॉक्टर आला होता. कोळीवाड्यात दारं बंद. आईचा कोप सुईने जात नाही म्हणे. गोदूबाई तर वल्हं घेऊन दारात उभी राहिली. अडाणी, हट्टी माणसं — संताप आला. मग त्याने आमच्या अंगणात पेटी उघडली, तर हे म्हणाले, माझ्या लहानपणीच टोचून काढल्या आहेत, गरज नाही. दंडाला हात लावू दिला नाही. सुईची भीती वाटते यांना. कोळ्यांना निदान देवीची तरी वाटते.

मला टोचून घ्यायचं कारण नाही. मला सातव्या वर्षी येऊन गेल्या. तोंडावर खड्डे आहेत. बघायला आले तेव्हा हे सगळ्यांदेखत म्हणाले होते — चेहऱ्याचं मला काही नाही, अंतःकरण शुद्ध हवं. केवढं कौतुक झालं त्या वाक्याचं! चोवीस वर्षं ते माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं आहे.

२० मार्च

गेले.

मुंबईला मंडळीच्या सभेचं काम निघालं. सभा ईस्टरनंतर आहे. मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे यांनाही माहीत आहे. टांगा कालच सांगून ठेवलेला, रेवसला जाऊन लाँच धरायची. मला म्हणाले, तुला येऊन गेल्यात, तुला धोका नाही, मंदिरापाशी कुणीतरी हवंच. मग उंबऱ्यात उभं राहून प्रार्थना केली — मला धैर्य मिळावं म्हणून! टांगेवाला घोड्याच्या पाठीवरच्या माश्या हाकत होता. मी त्या माश्या बघत राहिले.

२१ मार्च

शी.

२३ मार्च, रविवार

मंदिराची झाडलोट करणाऱ्या गुणाजीने घंटा दिली. चार माणसं आली. पाळक कुठे, कुणी विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलंय.

मीच वाचलं. भिऊ नको म्हणणारी, धीर धर म्हणणारी, लहानपणी बक्षिसासाठी पाठ केलेली सगळी वचनं एकेक करून काढली. चघळून टाकलेल्या उसासारखी लागली. सगळी यांच्या आवाजात ऐकू येतात. देवाचा शब्द असेल, पण मला तो यांच्या खिशातून काढलेल्या रुमालासारखा वाटायला लागलाय. मध्येच थांबले. गुणाजी मागून म्हणाला, ‘बाई, कायपन वाचा, पन मोठ्यानं वाचा. मना कमी आयकू येतं.’

वाचलं मोठ्याने. काय वाचलं आठवत नाही.

२५ मार्च

गोदूबाईला टाकून गेले.

मुलगा नामा, सून केसर, नातवंडं, सगळे होडीत बसून रेवसकडे निघून गेले. म्हातारीला देवी आल्यात म्हणून तिला गावाबाहेर जाळ्यांच्या खोपीत ठेवलं आणि गेले. मी सुरूच्या बनात काटक्यांना गेले होते, कण्हणं ऐकू आलं. आत वाकून पाहिलं. पाण्याचं मडकं उपडं. माश्या. बोंबलाचा आणि पुवाचा एकत्र वास. बाहेर येऊन ओकले.

मग पुन्हा आत गेले. इथे खरं लिहून ठेवते — प्रेमाने नाही. दयेनेही नाही. यांच्यासारखं व्हायचं नाही, एवढ्याच हट्टाने.

गुणाजीलाही पूर्वी देवी येऊन गेल्यात. तो आणि मी तिला खाटेवर घालून मंदिराच्या शाळेत आणलं. शाळा बंदच आहे. वाटेत बायका पोरांना ओढून आत गेल्या. गोदूबाई सगळा वेळ मला शिव्या देत होती.

२७ मार्च

केळीच्या पानांवर निजवते. तरी अंग चिकटतं. पान सोडवताना ती ओरडते आणि माझे दात शिवशिवतात. आज तीनदा ओकायला बाहेर गेले. हात धुऊन धुऊन सालटं निघाली, तरी भाताच्या घासाला तोच वास. विहिरीवर बायका माझी कळशी बघून आपल्या कळश्या उचलतात. आमच्याच मंडळीतली एक बहीण लांबूनच म्हणाली, प्रभू तुमचं भलं करो. आणि पळाली. वीट आलाय मला सगळ्यांचा.

दुपारी ती निजल्यावर शास्त्रातलं ईयोबाचं पुस्तक काढलं. आजवर या माणसाचा शेवटच ऐकत आले — गेलेलं सगळं दुपटीने परत मिळालं. मधलं कुणी सांगितलंच नाही. राखेत बसून खापरीने फोड खाजवतोय, देवाला तोंडावर जाब विचारतोय! आणि शहाणे मित्र समोर बसून उपदेश करतायत. आणि शेवटी देव रागावतो कुणावर? फोडवाल्यावर नाही. उपदेश करणाऱ्यांवर. दोनदा वाचलं. बरं वाटलं. ते बरं वाटणं काही फार पवित्र नव्हतं, पण वाटलं.

२९ मार्च

अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. शेवटी ‘तरीसुद्धा’ नाही, ‘परंतु’ नाही. हे कधी कुणी उपासनेत वाचल्याचं आठवत नाही. पण कुणीतरी ते देवापुढेच म्हटलंय, आणि ते शास्त्रात ठेवलंय, कुणी खोडलं नाही. म्हणजे माझी चीडही खपत असेल.

आशा अजून नाही. पण भिंतीशी बोलत नाही आहोत, एवढं वाटलं.

३१ मार्च

आज लिहायलाच हवं.

फोड सुकायला लागलेत. गोदूबाईचा ताप उतरतोय. मला म्हणाली, रोज बसून काय पुटपुटतीस, मना पन आयकीव, पडून पडून कंटाला आला. योहानाचं शुभवर्तमान उघडलेलं होतं, म्हणून लाजराची गोष्ट सांगितली. तो आजारी पडला, बहिणींनी प्रभूला निरोप धाडला, प्रभू उशिराच आला, तोवर तो मेला, त्याला गुहेत ठेवून तोंडाशी दगड लावला. प्रभू म्हणाला दगड काढा. तेव्हा बहीण मार्था म्हणाली, नको, चार दिवस झालेत, आता वास येत असेल.

गोदूबाई हसली. ओठ फुटलेले, रक्त आलं, तरी हसली.

‘खरी बाय हाय ती. मंग? नाकाला फडका लावून परत गेला तुजा देव?’

‘नाही.’

‘वास आला तरी?’

‘वास आला तरी. आधी रडला. मग दगड काढायला लावला.’

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाली, ‘म्हंजी, तू भायेर जाऊन वकतेस नि परत आत येतेस, तसा.’

मी उठून बाहेर आले. पायरीवर बसून रडले. असली तुलना ऐकायची माझी लायकी नाही. मी तिच्यावर प्रेम करत नाही. अजूनही तिच्या अंगाला हात लावताना मी श्वास धरते. पण इतकी वर्षं मला वाटत होतं की आशा म्हणजे वास नसलेली जागा — धुतलेली, पांढरी, रविवारची. आणि शास्त्रात तर स्वच्छ लिहिलंय की वास येत होता. कुणी तो लपवलेला नाही. दगड त्या वासातच काढलाय.

हे एवढं मला कुठल्याही पाळकाने सांगितलं नव्हतं. एका कोळणीने सांगितलं, जिच्या बोंबलांवरून मी पाच वर्षं भांडले.

४ एप्रिल, शुभ शुक्रवार

आज काही वाचलं नाही. उपासनेच्या वेळी तिच्या पाठीच्या खपल्यांना खोबरेल लावत होते.

६ एप्रिल, ईस्टर

सहा माणसं. उपासना संपल्यावर शाळेचे काळूराम मास्तर उठून म्हणाले की आपल्या ख्रिस्ती घरांत एकही आजारी नाही, पाळकसाहेबांनी सांगितलं ते स्तोत्र खरं ठरलं, देवाने आपल्या लोकांना राखलं. सगळे आमेन म्हणाले. किळस आली. फोडांची येते त्याहून जास्त. मी म्हटलं, कोळीवाड्यात रोज तिरडी निघतेय, ती माणसं मग कुणाची? मास्तर म्हणाले, बाई, आपण थकला आहात. आणि टोपी घालून निघून गेले.

घरी येऊन मार्काचं शुभवर्तमान वाचलं. स्त्रिया पहाटे कबरेशी गेल्या, ती रिकामी दिसली, आणि त्या पळाल्या. भ्याल्या म्हणून कुणाला काही बोलल्या नाहीत. पहिलं ईस्टर हे असं — पळापळीचं. वाचताना हे आठवले, पहिल्यांदाच राग न येता. लगेच पुन्हा आला.

ट्रंक काढून लुगडी भरली. गोदूबाई हिंडायला लागली की नगरला भावाकडे जाणार. यांचं तोंड पाहायचं नाही.

९ एप्रिल

गोदूबाई भिंतीला टेकून बसली. पेज प्याली. खपल्या बहुतेक गळल्या. डावा डोळा मात्र गेला. तिने दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, म्हणाली, एक हाय ना.

मी नामाला राक्षस म्हटलं. आईला असं खोपीत फेकून जाणारा मुलगा! ती एकदम चिडली. ‘मीच धाडला त्याला. पोरं ल्हान हायती त्याची. जात नव्हता, रडत व्हता, तवा दगूड मारला त्याला.’

पाणीसुद्धा ठेवलं नव्हतं, मी म्हटलं. तर ठेवलं होतं. तापात तिच्याच हाताने मडकं कलंडलं.

मग त्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत विचारलं, ‘तुज्या दादल्याला तू जा म्हनलीस?’

नाही म्हटलं.

‘ऱ्हा म्हनलीस?’

मी पेजेचं भांडं उचलून बाहेर आले. घासत बसले. राहा म्हटलं नव्हतं. एका शब्दाने नाही. ते कसे जातात तेच मला पाहायचं होतं.

तरी त्यांचं जाणं हे जाणंच. ते मी सोडणार नाही.

१४ एप्रिल

नामा होडी घेऊन आला. यांना घेऊन आला.

आठवड्यापूर्वी मुंबईत ताप भरला, तशातच घरी यायला निघाले. रेवसला उतरल्यावर फोड दिसले, मग कुणी टांग्यात घेईना. धक्क्यावर पडून होते. नामाने ओळखलं. ‘कोन घेईना, म्हनून घेतला,’ एवढंच म्हणाला, आणि आईकडे बघून रडायला लागला. गाव सगळा वर सुरूच्या बनात उभा. हे होडीच्या तळाशी, शिडाच्या कापडाखाली. चेहरा ओळखू येत नव्हता. किळस आली. आली म्हणूनच लिहिते.

गोदूबाई काठी टाकून गुडघाभर पाण्यात शिरली. ‘डोकं मी धरते. तू पाय धर.’

यांचे डोळे चिकटले होते. कोण आहे, कोण आहे, असं विचारत राहिले.

‘सदानंद,’ मी म्हटलं. ‘मी आहे.’

लग्नानंतर पहिल्यांदा नाव घेतलं. जिभेला जड गेलं. वाळूवरून वर नेताना पुन्हा घेतलं.