प्रखर स्फोटांची वेगळी जात

३ मार्च २००८, दौंड

एसटी न्हावऱ्यातच बंद पडली. शिरूरला कॉलेजात पोचले तोवर पहिला तास गेलेला. घरी आले तर लाइट नाही. वीट आलाय, बस्स.

पुण्याला गाइड सरांना फोन केला. माझ्या प्रबंधाबद्दल त्यांचं तेच पालुपद — "अतिप्रखर गॅमा स्फोट ही वेगळी जात आहे, करुणा. तसं ठासून लिही, सही करतो." जात म्हणे! शब्द तरी दुसरा वापरावा. आणि नाहीच हो वेगळी! दूर कुठंतरी मोठा तारा मरताना गॅमा किरणांचा झोत सोडतो, उपग्रह तो टिपतो. एखादा डोळे दिपवणारा, बाकी बहुतेक मिणमिणते. पण मिणमिणत्यांच्या आकड्यांवरून काढलेली रेषा तशीच पुढे नेली, की प्रखर स्फोट तिच्यावरच येऊन बसतात. एवढी वर्षं घासून हे निघालं. सर म्हणतात, "फरक नाही, हा काय निष्कर्ष झाला?"

नोंदणी महिनाअखेर संपते. सही नाही तर पीएचडी नाही, आणि ही टेम्पररी नोकरीही जाणार.

७ मार्च

स्टाफरूममध्ये अनुपमा मॅडम डबा पुढे करत म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही हो! केवढ्या हुशार!" त्यांना हे कौतुक वाटतं. संताप आला. तरी हसले, नेहमीसारखी.

९ मार्च

केडगावहून मामेसासरे आले, महेंद्रचे ज्ञानदेव मामा. "सूनबाई, चौदा एप्रिलला जयंतीचा बोर्ड लावायचाय. डॉक्टर करुणा म्हून छापू ना? वस्तीतली पैली डॉक्टर हाय तू!" शेजारच्या कुशाबाई म्हणाल्या, "म्हंजी सुई टोचनार व्हय?" मामा म्हणाले, "न्हाई वो, ती आभाळाची डॉक्टर." सगळे हसले. मी चहा टाकायला उठले.

१३ मार्च

सर — "ते मिणमिणते आणि प्रखर यांच्या मधले नऊ स्फोट गाळ. त्यांची अंतरं कच्ची मोजलेली आहेत." आहेत खरी कच्ची. बाकीच्यांची तरी कुठं पक्की आहेत?

१५ मार्च

गाळले. लगेच मध्ये खिंडार पडलं! मिणमिणत्यांची रेषा खाली झुकली, प्रखर वर अधांतरी राहिले. किती सोपं. पाचवं प्रकरण नव्यानं लिहिलं. इंग्रजीत ‘वेगळी जात’ हे शब्द तेवढे टोचत नाहीत.

महेंद्र ड्यूटीवरून आला. "झालं का?" झालं, म्हटलं. लाज वाटतेय.

१७ मार्च

सही मिळाली. सरांनी पेढा दिला. प्रती तिथंच पुण्यात बाइंडरकडे टाकल्या. दौंडला सगळी गाडी रिकामी झाली तरी मला उठवेना.

२० मार्च

सकाळीच सरांचा फोन. काल दुपारी आपल्याकडे ऊन तापलेलं असताना एक स्फोट टिपला गेला. साडेसात अब्ज प्रकाशवर्षांवरचा, आणि तिकडे अमेरिकेत रात्र होती, तिथं कुणी मान वर केली असती तर नुसत्या डोळ्यांना दिसला असता! एवढा प्रखर आजवर कुणी नोंदला नव्हता. "आता बोल," सर म्हणाले, "ही वेगळी जात नाही तर काय?"

काल त्या वेळी मी परीक्षेच्या वर्गावर उभी होते. एक मुलगी पुरवणी मागत होती.

२१ मार्च

होळी. कॉलनीत पोरांचा नुसता आरडाओरडा.

सायबर कॅफेतून नव्या स्फोटाचे आकडे उतरवून आणले. जुनाच आलेख काढला, गाळलेले नऊही परत घातले. मिणमिणत्यांची रेषा पट्टीनं पुढे नेली. कागद संपला, दुसरा चिकटवला. नवा बिंदू बरोब्बर रेषेवर! नऊ गाळून काढलेली रेषा कुठच्या कुठं खाली राहिली. दोनदा तपासलं.

२४ मार्च

प्रती बांधून तयार होत्या. सगळ्यांतलं सहीचं पान फाडलं. बाइंडर ओरडला, "अहो मॅडम, काय करताय!" तिथूनच सरांना फोन लावला — पाचवं प्रकरण मागे घेतेय. सर म्हणाले, "तू तरी तुमच्या बाकीच्यांपेक्षा वेगळी निघशील असं वाटलं होतं मला."

"नाही सर," म्हटलं. "मी त्यांच्यातलीच."