मत सफूराला दिलं

दार्सैत, मस्कत
१३ डिसेंबर २०२५

प्रिय सौ. विशाखास,
अनेक आशीर्वाद.

फोन केला की हल्ली तुझ्याभोवती कार्यकर्ते असतात. म्हणून हे पत्र जहूरभाईंच्या हाती देतो आहे. ते सोमवारी गावी निघतात.

जिल्हा परिषदेचा आपला गट बायकांसाठी राखीव झाला आणि पक्षाने तिघींना हायस्कूलच्या हॉलमध्ये सवाल-जवाबाला बसवून, लोकांच्या फोनवरच्या मतांनी तिकीट द्यायचं ठरवलं, हे ऐकून मी हसलो होतो. काल शुक्रवारची सुट्टी. रूमवरचे आम्ही सहाजण जेवून तो कार्यक्रम थेट बघायला एका मोबाइलवर डोकी घालून बसलो.

मंगलाकाकू पहिल्या. प्रश्न आला की त्या मागे बसलेल्या काकांकडे बघायच्या. काकांचे ओठ आधी हलायचे, मग काकूंचे. सफूरा मात्र जेटीच्या कामावर तयारीने बोलली, फक्त थांबेचना. मग तू. सुरुवातीला माइक सोडून पदरच धरून बसलीस. पण टँकरच्या पाण्यावर बोलायला लागलीस आणि रूमवरच्यांनी मोबाइलचा आवाज वाढवला. सागर म्हणाला, वहिनी आमदार होणार. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, नवरा मस्कतला आहे, उद्या त्याने बोलावलं तर? तू सरळ कॅमेऱ्याकडे बघून म्हणालीस, जाणार नाही. टाळ्या पडल्या. तुझा नि यशश्रीचा व्हिसा आलाय, इथे वादी कबीरला शाळेजवळ घर बघून ठेवलंय, हे तुला मागच्याच आठवड्यात कळवलं होतं. रूमवरही सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर फोन करून छान बोललीस म्हणालो. पण मत मी सफूराला दिलं. तू हरलीस तर येशील, एवढंच डोक्यात होतं. अकरा वर्षं झाली, विशाखा. आता एकट्याने राहवत नाही. काय ती शिक्षा कळव.

तुझा,
धनंजय

कातळवाडी
२१ डिसेंबर २०२५

यशश्रीच्या बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तिकीट मलाच मिळालं. तुमच्या मताला गावाने भीक घातली नाही! सफूरा काल येऊन पेढे खाऊन गेली. तुम्ही तिला मत दिलंत हे सांगितलेलं नाही, उगाच शेफारायची.

जाणार नाही म्हटलं आणि खाली उतरून फोन हातातच धरून बसले. वाटलं, आता तुमचा फोन येईल, तुम्ही चिडाल, भांडाल. फोन आला आणि तुम्ही छान बोललीस म्हणालात. हॉलमधल्या दोनशे माणसांनीही तेच म्हटलं होतं. व्हिसा आला तेव्हाही तुम्ही तारीख आणि सामानाचं वजन कळवलंत, बाकी काही नाही. मी तिथे हवी आहे की नुसते कागद झालेत म्हणून बोलावताय, हे मला कळतच नव्हतं. यशश्रीचा हात धरून हॉलबाहेर रडले. लोकांना वाटलं, आनंदाने.

म्हणून तुमचं पत्र वाचून रागवायला बसले, तर रागच येईना. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला ये म्हणालात, तेही दुसरीला मत देऊन. आधी म्हणाला असतात तर मी अर्जच भरला नसता.

आता येणं होणार नाही. वाड्यावाड्यांतून पाण्याचा शब्द देऊन बसले आहे. वादी कबीरचं घर दुसऱ्या कुणाला देऊन टाका.

इथून पुढे लोभ तर असू द्याच, पण रागावलात की रागही कळवत जा.

तुमची,
विशाखा